टिक फीवर बरा होऊन पुन्हा उलटतो? या चुका टाळा

कुत्र्याला टिक फीवर झाला, डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठून ताटलीपाशी येऊन बसला. घात होतो तो इथे. गोचिडीच्या चाव्यातून आलेला एर्लिकिया कॅनिस हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. ताप २४ ते ७२ तासांत उतरतो, पण आत दडलेला जंतू तेवढ्यात मरत नाही, म्हणून कोर्स २८ दिवसांचा असतो. दहाव्या दिवशी गोळ्या थांबवल्या तर कुत्रा वरून ठणठणीत दिसत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जंतू बाळगतो आणि एके दिवशी नाकातून रक्त येतं.

मात्रा चुकते ती वजनामुळे. नेहमीचा हिशेब दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला २०० मिलिग्रॅम, एकदम किंवा १००-१०० दोन वेळा. जुन्या फाइलीतलं वजन सांगू नका. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा. वाढत्या पिल्लाचं वजन दोन आठवड्यांनी पुन्हा करून डॉक्टरांना कळवा.

गोळी उपाशीपोटी आणि कोरडी घशात ढकलू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि कुत्रा खाणंच सोडतो. निम्मं जेवण, मग गोळी, मग उरलेलं जेवण आणि थोडं पाणी असा क्रम ठेवा. दूध, दही, कॅल्शियम आणि लोहाचं टॉनिक त्याच वेळी देऊ नका, कारण औषध त्यांना चिकटून वाया जातं. पोटाच्या जखमेसाठी सुक्राल्फेट हे औषधही दिलं असेल तर आधी डॉक्सीसायक्लिन, किमान दोन तासांनी सुक्राल्फेट. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर उलटीत गोळी दिसते का पाहा आणि पुन्हा द्यायची का हे डॉक्टरांना विचारा.

ताप ७२ तासांतही हटला नाही तर मनाने मात्रा वाढवू नका. सोबत बॅबेसिया हा गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू आहे का, हे आधी तपासायला हवं. तो तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या होतात, डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी. नुसत्या डॉक्सीसायक्लिनने तो जात नाही. त्यातही आकाराने मोठा बॅबेसिया इमिडोकार्बच्या इंजेक्शनला दाद देतो. बॅबेसिया गिब्सोनाय हा लहान प्रकार मात्र त्याने पुरता हटत नाही. त्यासाठी ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन दहा दिवस एकत्र देतात आणि ॲटोव्हाक्वोन तुपकट अन्नाबरोबरच नीट शोषलं जातं. ‘आजार उलटला’ म्हणून आणलेल्या कुत्र्यात कधी कधी हा दुसरा आजार पहिल्यापासूनच असतो.

रिपोर्ट वाचतानाही गडबड होते. अँटिबॉडीचं रॅपिड किट उपचारानंतर अनेक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. त्यावरून जंतू जिवंत आहे असं ठरत नाही आणि नुसत्या त्या रेघेसाठी दुसरा कोर्स सुरू करू नये. शंका असेल तर पीसीआर, म्हणजे खुद्द जंतूचा अंश शोधणारी तपासणी, करतात. प्लेटलेट्स एकदम खूप कमी आल्या तर काचपट्टीवरचा स्मिअर पाहायला सांगा, कारण प्लेटलेट्सचे पुंजके झाले की मशीन त्या मोजतच नाही. पपईच्या पानांच्या गोळ्यांवर विसंबून मूळ कोर्स ढिला सोडू नका.

आणि घर. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. तपकिरी गोचीड आयुष्याचा फारच थोडा काळ कुत्र्यावर असते, बाकी सगळा भिंतीत. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, चढत जाऊन एखादी फट गाठते आणि हजारो अंडी घालते. टॉर्च घेऊन स्कर्टिंगच्या वरची रेघ, दाराच्या चौकटी, पडद्यांच्या घड्या, सोफ्याची शिवण, कुत्र्याच्या गादीची खालची बाजू पाहा. मोहरीएवढे करडे ठिपके सरकताना दिसतील. भेगा सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा, गादी गरम पाण्यात धुवा, फवारणी करून घ्या आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा, कारण अंडी पहिल्या खेपेत वाचतात. जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा बाहेर. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन अजिबात नको, ते मांजराच्या जिवावर बेततं.

एकदा आजार झाला म्हणून प्रतिकारशक्ती कायमची येत नाही, त्यामुळे कोर्स चालू असतानाच गोचिडीविरोधी गोळी किंवा पट्टा सुरू करा. गोळीने गोचीड मरते ती चावल्यावर, आणि एर्लिकिया काही तासांतच रक्तात उतरू शकतो. म्हणून कानाची घडी, बोटांच्या बेचक्या, गळपट्ट्याखालची जागा रोज चाचपा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, काडी, नखाने चिरडणं नको.

माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कधीच नको. प्लेटलेट्स कमी असताना पोटात रक्तस्राव होतो. कुत्र्याचं तापमान १०२.५ फॅरनहाइटपर्यंत नॉर्मल असतं, त्यामुळे १०१ पाहून घाबरू नका. पोटावर लाल ठिपके, काळी शी किंवा नाकातून रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

कोर्स संपल्यावर रक्त केव्हा तपासायचं, ती तारीख आधीच लिहून घ्या. तिन्ही प्रकारच्या पेशी घटलेल्या निघाल्या तर अस्थिमज्जेला झळ बसलेली असू शकते आणि तिथे दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागू शकतं. हा आजार होऊन गेलेला कुत्रा रक्तदाता म्हणून चालत नाही, हे शोधाशोध सुरू करतानाच सांगा.