डिंक्या लागलेलं लिंबाचं झाड

लिंबाची पानं पिवळी पडली की हात आधी खताकडे जातो. माझाही गेला. आठ वर्षांचं, दर बहाराला लगडणारं झाड, आणि एका पावसाळ्यानंतर त्याच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. दोनदा खत घातलं, पानगळ थांबेना. मग तण काढायला खाली बसले तेव्हा बुंध्यावर मधासारखे डिंकाचे थेंब दिसले. म्हणून सांगते, शिरा पिवळ्या दिसल्या की पहिल्यांदा बुंधा बघा.

हा डिंक्या रोग. तो ज्या फायटोफ्थोरा बुरशीमुळे होतो, ती मातीत राहते. तिच्या बीजाणूंना शेपट्या असतात, ओल्या मातीत ते पोहत सालीपर्यंत येतात. मी वर्षानुवर्षं खोडाला मातीची भर देत गेले होते, त्यात कलमाचा सांधा पार गाडला गेला. खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात तो भाग, बऱ्याचदा या रोगाला तोंड देणारा असतो, वरची कलम नाजूक. सांधा जमिनीच्या वर वीतभर तरी उघडा हवा.

खुरप्याने भर ओढून काढा, वरची जाड मुळं दिसेपर्यंत. मुळांना इजा नको. मग अंगठ्याने साल दाबून बघा. रोगट साल मऊ लागते, आतून तपकिरी असते. ती धारदार चाकूने खरवडायची, लाकडात खोल न जाता, चारही बाजूंनी ताजी हिरवट-पांढरी साल लागेपर्यंत, आणि त्यापुढे आणखी बोटभर. इथे जीव कचरतो. मी पहिल्यांदा दयेपोटी कडा ठेवल्या, पंधरवड्यात त्याच कडेतून पुन्हा डिंक आला. खरवडलेले तुकडे कागदावर झेलून बागेबाहेर टाका, चाकू स्पिरिटने पुसा. जखम दिवसभर वाळू द्या.

त्यावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप. एका प्लास्टिकच्या बादलीत अर्धा लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळवा. दुसरीत तेवढ्याच पाण्यात 100 ग्रॅम कळीचा चुना. पाणी पडताच तो उकळतो, तेव्हा चेहरा लांब ठेवा आणि निवू द्या. दोन्ही गाळून तिसऱ्या भांड्यात एकदम ओता, ढवळत राहा. धातूचं भांडं चालत नाही. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. हातमोजे आणि चष्मा हवेतच, मोरचूद डोळ्यांना फार वाईट. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावायची. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात आणि नंतर एक.

पाण्यासाठी दुहेरी आळं करा: आतलं खोडाभोवती कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या कड्यात. लागलेली फळं निम्मी तरी उतरवा, आजारी झाडाला ओझं नको. नवी पालवी येईपर्यंत खत बंद.

खोडाच्या घेराची अर्ध्याहून जास्त साल मेली असेल तर झाड सहसा वाचत नाही. ते मुळांसकट काढा आणि त्या खड्ड्यात पुन्हा लिंबूवर्गीय झाड लावू नका. माझ्या झाडाची हातभर साल गेली, पण घेराचा एक तृतीयांश भागच. पुढच्या पालवीला जखमेची कड जाड होऊन आत वळू लागली होती. अजूनही मी दर पंधरा दिवसांनी पालापाचोळा सारून बुंधा बघते.