जुनी पिकअप चिखलासाठी तयार करताय? आधी या चुका टाळा

जुनी पिकअप घरी आली की पहिल्याच रविवारी मालक टायरच्या दुकानात दिसतो. मीही तिथेच होतो. आठवडाभर पुण्यात ऑफिस, शनिवारी माणगावजवळची शेती आणि पावसाळ्यात चिखल, अशी तिन्ही कामं एकाच गाडीकडून हवी होती. मोठे टायर लावले की निम्मं काम झालं, ही माझी समजूत. खरं तर तो रविवार गाडीखाली आडवं पडून बॅटरी मारण्यात घालवायला हवा होता.

रंगाखालचा गंज

कोकणात फिरलेल्या गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आतून सडते. खारी हवा असतेच, शिवाय चासीच्या पोकळीत साचलेली तांबडी माती पाणी निघायची भोकं बुजवते आणि ओल धरून ठेवते. पाटे (एकावर एक पट्ट्या रचलेल्या स्प्रिंग) जिथे चासीला अडकवलेले असतात, त्या ब्रॅकेटांभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे गळले, तर उंची वाढवायचे पैसे वेल्डिंगला जाणार. विकायच्या आधी ताजा काळा रंग मारलेला दिसला तर दुप्पट ठोका. मग सस्पेन्शनचे रबरी बुश, पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा प्ले (ढिलेपणा), क्लच तपासा. ही कामं फोटोत दिसत नाहीत, म्हणून पुढे ढकलली जातात.

टायर एक माप मोठा

समजा मूळ टायर २४५/७५ आर १६ आहे आणि तुम्ही २६५/७५ आर १६ घेतला. व्यास साधारण ७७४ मिलिमीटरवरून ८०४ वर जातो. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर. एवढ्या पैशांत दीड सेंटिमीटर! वर मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने पळत असते, आणि १०४ किलोमीटर गेलात तरी मोजतो १००. ‘मायलेज पडलं’ ही ओरड त्यामुळे थोडी खरी, थोडी मीटरची. मडगार्डला चाक घासतं का, हे हौद्यात वजन टाकून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. रिकाम्या गाडीवर सगळंच छान बसतं.

रोज डांबरावर चालणाऱ्या गाडीला मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर, घेऊ नका. ओल्या रस्त्यावर ते कमी धरतात आणि महामार्गावर घोंघावतात. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींना चालणारे बरे ऑल-टेरेन घ्या आणि उरलेल्या पैशांत हवा भरायचा कॉम्प्रेसर. कच्च्या वाटेवर हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की तोच टायर वेगळा वाटतो. तेवढ्या हवेवर सावकाश चालवा आणि डांबर लागायच्या आधी ती परत भरा.

उंची वाढली, ब्रेक गेले

माझी सगळ्यात महागात पडू शकली असती अशी चूक ही. मागच्या पाट्यांना ब्लॉक (एक्सल आणि पाट्यांमध्ये बसणारे ठोकळे) घालून गाडी दोन इंच उचलली. दोन महिने खूश होतो. मग हौद्यात खताची पंधरा पोती घेऊन ताम्हिणी घाट उतरताना लक्षात आलं, की ब्रेक दाबला की नाक खाली जातं, पुढची चाकं राबतात आणि मागची नुसती सोबत येतात. पायथ्याला पुढच्या चाकांतून जळका वास येत होता.

पॅड बदलले. ड्रम उघडून लायनर पाहिले. दोनदा ब्रेकची हवा काढली. फरक शून्य. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हकडे जाणारी बोटभर जाड सळई दाखवली. “साहेब, पोती तुम्ही भरलीत, पण गाडीला वाटतंय हौदा रिकामाच आहे.”

बऱ्याच पिकअपमध्ये हा व्हॉल्व्ह असतो. रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊ नयेत म्हणून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. भार टाकला की पाटे दबतात, एक्सल आणि चासीतलं अंतर घटतं, सळई हलते आणि दाब वाढतो. मी ब्लॉक घालून ते अंतर कायमचं वाढवून ठेवलं होतं. सळईचं ब्रॅकेट त्याच मापाने सरकवल्यावर ब्रेक परत आले. काम तासाभराचं. जादा पाटा घातला तरी हाच घोटाळा होतो, कारण पाटे पुरेसे दबतच नाहीत. शिवाय रिकामी गाडी ओल्या वळणावर मागून उड्या मारते, ते वेगळंच. कायम भार वाहणार नसाल तर पाट्यांच्या नादी लागू नका, चांगले शॉकअप घाला.

पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पीळ घेणारी सळई) असेल तर तो पिळून फुकटात उंची मिळते, आणि मग बॉल जॉइंट व एक्सलचे रबरी बूट लवकर जातात.

काही तक्रारी आणि त्यांचं मूळ

कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळताना गाडी अडखळते? ती बिघडलेली नाही. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकाच गतीला बांधली जातात आणि वळणावर ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. टू-व्हीलला या.

ओढ्यातून गेल्यावर डिफचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं, म्हणजे डिफरेन्शियलचं) ऑइल ताकासारखं दिसतंय? गरम डिफ पाण्यात थंड होताना ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी आत ओढतो. ऑइल बदला आणि ब्रीदरला नळी जोडून ती वर न्या.

जादा दिवे लावल्यावर स्विच गरम होतो? रिले (जास्त करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) न घालता थेट जोडलेत.

अडकलेली गाडी बंपरला किंवा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर बांधून ओढू नका. तुटलेला गोळा काचेतून आत येतो. चासीला बोल्ट केलेला हूकच वापरा.

आरटीओ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. बुल बारला (बंपरपुढच्या लोखंडी गार्डला) केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली. तेव्हा स्टीलच्या बंपरवर पैसे घालण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि पाट्यांचं काम केलं असेल, तर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट परत आवळून घ्या. माझे पाऊण वेढा ढिले निघाले होते.