दोन बॅटऱ्या, एकच आकडा

दोन बॅटऱ्यांची गाडी आली की नवखा मेकॅनिक समोर दिसते ती बॅटरी बदलून मोकळा होतो. मीही झालो होतो. सकाळी सेल्फ लागत नाही, एवढीच तक्रार. बॉनेटखालची बॅटरी जुनी वाटली, नवी बसवली. तीन दिवसांत गाडी परत दारात.

दुसरी बॅटरी सीटखाली होती. आतले दिवे, पंखा, म्युझिक सिस्टिम तिच्यावर. दोघींच्या मधे आयसोलेटर रिले. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, 14 व्होल्टच्या आसपास देतो, तेव्हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद झालं की तोडतो.

उस्तादांनी रात्रभर उभ्या गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या मोजायला लावल्या. इकडे 11.8, तिकडेही 11.8.

"दोन्ही उतरल्यात," मी म्हणालो.

"ते दिसतंय. पण नवी आणि जुनी सारखीच कशी उतरली?"

आतला दिवा लावून पाहिला, तर पुढच्या बॅटरीचाही आकडा हलला. रिलेचे पॉइंट चिकटले होते. पंखा रात्री सीटखालच्या बॅटरीबरोबर सेल्फचीही बॅटरी खात होता.

तेव्हापासून मी आधी कुठल्या बॅटरीवर काय चालतं ते शोधतो आणि दोघी सुट्या करून मोजतो. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर 12.6, अर्धी असेल तर 12.2 च्या जवळपास. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फसवा; दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून मग मोजा. खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा 9.6 च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्या. बॅटरी चांगली असून सेल्फ जड फिरत असेल, तर सेल्फ मारतानाच निगेटिव्ह टर्मिनल ते इंजिन ब्लॉक मोजा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं की अर्थिंगची पट्टी काढून घासा.

बंद गाडी किती करंट खाते हे बघायला मीटर सिरीजमध्ये लावतात, म्हणजे बॅटरीची वायर सोडून मधे मीटर जोडतात. लावल्यावर अर्धा तास थांबा, कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. नंतर 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. तसाच मीटर ठेवून सेल्फ मारू नका. मीटरचे दोन फ्यूज उडवून शिकलोय.

हायब्रिडची मोठी बॅटरी भरलेली असूनही छोटी 12 व्होल्टची मेली तर गाडी जागी होत नाही, कारण मोठीला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, म्हणजे काँटॅक्टर, छोटीवरच ओढले जातात. मोठ्या बॅटरीच्या हाय-व्होल्टेज नारिंगी केबलला मात्र ट्रेनिंगशिवाय हात नाही.

त्या गाडीतून काढलेली जुनी बॅटरी नंतर चार्ज करून लोड टेस्टला लावली. ठणठणीत निघाली.