वेचणीच्या पैशावर घर बांधू नका

केबिन क्रूच्या मुलाखतीला केस कसे बांधायचे, उंची कशी मोजतात, कुठला टॅटू चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर रील्समध्ये ढिगाने पडलं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बारावी कॉमर्स, २०१८ पासून एका एअरलाइनमध्ये केबिन क्रू, मुंबई बेसवर, म्हणजे ड्यूटी मुंबईहून सुरू होते. अलीकडे आमच्या भागातल्या पोरींचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, पगार किती भेटते?" मी म्हणते, आजारी पडल्यावर किती भेटते ते विचार ना. मग पलीकडे शांतता. मुलाखतीच्या दिवशी मीही हे विचारलं नव्हतं, म्हणून हसत नाही.

आमच्याकडे शेतावर दोन तऱ्हेची माणसं असतात. सालदार गुढीपाडव्याला ठरतो. वर्षाचा आकडा बांधलेला; पाऊस आला काय, दडी मारली काय, त्याचं साल चालू. वेचणीच्या बाया किलोवर. काट्यावर जेवढा कापूस तेवढा पैसा. ताप आला, पोरगं आजारी पडलं, अवकाळीत बोंडं भिजली, की त्या दिवसाचं शून्य. क्रूच्या सॅलरी स्लिपवर ही दोन्ही माणसं एकाखाली एक बसलेली असतात. वरची 'फिक्स्ड'ची ओळ म्हणजे सालदार, खालची 'फ्लाइंग अलाउन्स'ची ओळ म्हणजे वेचणी. विमान जागेवरून हलल्यापासून परत उभं राहीपर्यंतचे तास मोजतात, त्यावर दर. तीन तास विमानतळावर धुकं निवळायची वाट पाहिली, ते त्या तासांत धरत नाहीत. हे एचआरने मला सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं. मी तळाची बेरीज तेवढी पाहिली.

माझं तेव्हाचं गणित मांडते, कंटाळा आला तरी वाचा. फिक्स्ड हातात २२,०००. महिन्याला ७५ तास उडाले तर वरचे साधारण २४,०००. म्हणजे ४६,०००. आमच्या घरावर टिनं होती. डिसेंबर २०१९ मध्ये मी चार लाखांचं वैयक्तिक कर्ज काढून स्लॅब टाकला. हप्ता १३,४८०. मरोळला पीजीतली एक खाट ९,५००. छेचाळीस हजारांत हे सहज बसतं ना? बसलं. बाबांनी गावभर सांगितलं की लेकीनं स्लॅब टाकला. आता खालची ओळ पुसा. २२,००० मधून हप्ता आणि खाट वजा करा. उणे ९८० येतात, आणि अजून जेवण व्हायचं आहे.

तीन महिन्यांनी ती ओळ खरंच पुसली गेली. २० मार्च २०२० ला दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आले होते. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं बंद झाली. २५ मेपासून उडू लागली तीही आधीच्या एक तृतीयांशच. तोवर मला मेल आला होता : लीव्ह विदाउट पे, पुढील सूचना मिळेपर्यंत. अमेरिकेत याला फर्लो म्हणतात. तिथल्या बऱ्याच मोठ्या एअरलाइन्समध्ये युनियनचा करार असतो आणि सीनियॉरिटीच्या यादीने परत बोलावतात. माझ्या पत्रात यादीही नव्हती, तारीखही नव्हती. म्हणून सांगते, असं पत्र आलं तर रडण्याआधी लगेच उत्तर लिहून तीन गोष्टी विचारा : नोकरी सलग धरणार का, मेडिकल विमा चालू राहणार का, पीएफचं काय. मी हे सप्टेंबरमध्ये विचारलं. तोवर विमा बंद होऊन दोन महिने झाले होते आणि मला पत्ताच नव्हता.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. मी आनंदाने घेतली. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. पीएफमधून कोविडची उचल मिळायची, तीन महिन्यांचा मूळ पगार किंवा शिलकेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. माझा मूळ पगारच कमी दाखवलेला, त्यामुळे पीएफही कमी आणि उचलही कमी. हीसुद्धा त्याच स्लिपची गंमत. ऑक्टोबरात आईसोबत ओटी बांधून पऱ्हाटीत उतरले. पहिल्या दिवशी आईच्या निम्मासुद्धा कापूस माझ्या ओटीत नव्हता. शेजारची काकू म्हणाली, "इमानातले हात हायेत ते, हळू हळू चालतीन." जानेवारी २०२१ मध्ये परत बोलावलं, रिफ्रेशर ट्रेनिंग झालं, उडायला लागले.

इथे थोडा धीर देते. विमानं परत उडतात, माणसं परत बोलावली जातात. त्या काळात घरी बसलेल्या माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणी आज लीड, म्हणजे विमानातल्या क्रूच्या प्रमुख आहेत. पण अख्खी कंपनीच बंद पडली तर बोलवायला कोणी उरत नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. म्हणून मेडिकल, पासपोर्ट, ट्रेनिंगची प्रमाणपत्रं यांच्या तारखा स्वतःच्या वहीत ठेवा. कंपनीच्या पोर्टलवर ठेवू नका; नोकरी गेल्या दिवशी लॉगिनही जातं.

आता क्रूच्या कमतरतेचं. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा की ५० आसनांमागे एक क्रू. १८०-१८६ आसनांच्या ए-३२० विमानाला चौघी लागतात. तिघी असल्या तर हवाई सुंदरी कितीही सुंदर असोत, विमान हलत नाही. म्हणून कंपनी काहींना स्टँडबाय ठेवते : घरी किंवा विमानतळावर, युनिफॉर्म तयार, फोन चार्ज. क्रू कमी पडायला लागला की स्टँडबायच्या लोकांना रोजच्या फ्लाइटवर टाकतात. मग सकाळी पाचला एकीला उलटी झाली तरी तिच्या मागे कोणीच नसतं, आणि गेटवर एकशे ऐंशी माणसं उभी असतात. क्रू कंट्रोलमधला, म्हणजे ड्यूट्या लावणारा पोरगा तुम्हाला जे चिडून बोलतो त्याचं कारण हे आहे. तो दुष्ट नाही. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर लाल पट्टी आहे. पण ती लाल पट्टी विझवायची जबाबदारी तुमच्या कानाची नाही.

कानाचं सांगते.

डिसेंबर २०२२. लग्नसराई, उत्तरेत धुकं, रोस्टर रोज बदलायचं. कर्ज लांबलेलं, हप्ता चालूच. मला साधी सर्दी. त्या महिन्यात माझे तास आधीच कमी भरले होते, आणि दुसऱ्या दिवशी चार सेक्टर होते : मुंबई-नागपूर-मुंबई-गोवा-मुंबई. सिक कॉल, म्हणजे 'आजारी आहे, येत नाही' असा फोन केला तर ते तास गेले. शिवाय आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या एका सीनियरचं वाक्य डोक्यात बसलेलं, "सर्दीला कोणी सिक करतं का? नाकात ड्रॉप टाक आणि चल." टाकले आणि गेले.

चढताना काहीच होत नाही, हीच मेख आहे. विमान वर जातं तसा केबिनमधला दाब कमी होतो, कानाच्या पडद्यामागची हवा घशाकडच्या नळीतून आपोआप बाहेर पडते. सर्दीने सुजलेली नळीसुद्धा बाहेर जाणाऱ्या हवेला वाट देते. उतरताना उलटं. बाहेरचा दाब वाढतो, हवा आत जायला हवी, आणि सुजलेली नळी आत येणाऱ्या हवेला दार उघडत नाही. पडदा आत खेचला जातो. ड्रॉप टाकले की चढताना छान वाटतं, आणि त्यांचा असर उतरला की नेमकं लँडिंग येतं. प्रवासी आजारी असला तर त्याचं एकदाच लँडिंग, तुमची दिवसात चार. नाक दाबून हळूच फुंकतात तो उपाय निरोगी कानासाठी आहे. सर्दीत जोर लावून फुंकलं तर आणखी बिघडतं.

नागपूरच्या अलीकडे विमान उतरायला लागलं आणि उजव्या कानात कोणी सुतळीदाभण घातल्यासारखं झालं. जंप सीटवर, म्हणजे प्रवाशांकडे तोंड असलेल्या क्रूच्या सीटवर बसून मी समोर पाहत हसायचा प्रयत्न करत होते. पहिल्या रांगेतली आजी म्हणाली, "काय झालं वं बाई? डोळ्यातून पाणी येऊन रायलं तुह्या." मी म्हटलं, "काही नाही आजी, एसीनं." उतरताना तिने माझ्या हातात लिमलेटची गोळी ठेवली. सोनेगावच्या त्या विमानतळावरून आमचं गाव चार तासांवर. मी तिथेच 'अनफिट' म्हणायला हवं होतं. नागपूरला आमचा बेस नव्हता, बदली क्रू मुंबईहून यायला हवा होता, विमान तीन-चार तास अडकलं असतं. पस्तीस मिनिटांत तेच विमान परत उडायचं, चढणारी माणसं, कोणाच्या हातात संत्र्यांची पेटी. मी काहीच बोलले नाही.

मुंबईला उतरताना फट असा आवाज झाला आणि दुखणं एकदम थांबलं. आराम पडला असं वाटलं. रुमालावर पाणीमिश्रित रक्त होतं. पडदा फाटला होता.

ईएनटीने सहा आठवडे अनफिट लिहिलं. पगारी आजाररजा उरल्या होत्या सहा दिवसांच्या. पुढचं सगळं बिनपगारी, फ्लाइंगचं शून्य. एका दिवसाचे तास वाचवायला गेले आणि दीड महिना गेला. सुपरवायझरने विचारलं, "सर्दी होती तर आलीस कशाला?" माणूस बरोबर बोलत होता. आदल्याच आठवड्यात त्यानेच ग्रुपवर 'कृपया सिक टाळा, ऑपरेशन सांभाळा' असा मेसेज टाकला होता, तेही खरं. लक्षात घ्या, असा मेसेज कधी ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमांच्या पुस्तकात येत नाही. मॅन्युअलमध्ये अनफिट असताना ड्यूटी घेऊ नये असंच लिहिलेलं असतं, आणि चौकशी झाली तर मॅन्युअल उघडतात, व्हॉट्सअ‍ॅप कोणी उघडत नाही.

सिक कॉल कसा करायचा ते सांगते. जितका लवकर तितका बरा. रात्री दहाला कळलं तर रात्री दहालाच, सकाळी पिकअपची गाडी खाली आल्यावर नको. फोनवर वाक्य एकच : "सर्दी आणि कान बंद, मी उड्डाणासाठी अनफिट आहे." पुढे गयावया नको, आईची शपथ नको. "थोडं ट्राय करून बघ" असं म्हणाले की तेच वाक्य पुन्हा म्हणा. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, मेल टाका, त्याच दिवशी डॉक्टरचा कागद घ्या. गावी असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा शिक्का असलेला कागद घ्या. मेडिकलवाल्या भाऊच्या चिठ्ठीला कोणी विचारत नाही.

खोटा सिक मात्र करू नका. कोणी ठरवून सगळ्यांना एकदम सिक करायला सांगत असेल तर दहादा विचार करा. २ जुलै २०२२ ला इंडिगोची देशातली निम्म्याहून जास्त विमानं उशिरा उडाली, बरेच क्रू सिक होते आणि त्याच वेळी दुसऱ्या एअरलाइनची भरती चालू होती. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूने एकगठ्ठा सिक केलं, २५ जणांना काढलं, मग कामगार आयुक्तांच्या मध्यस्थीने परत घेतलं. त्यांच्या तक्रारी खऱ्या नसतील असं मी म्हणत नाही. तक्रार लिहून, सह्या करून द्या. आजाराच्या नावावर भांडण लढलं की नंतर खरी आजारी पडलेली पोरगी फोनवर रडते आणि पलीकडचा विचारतो, "नक्की ना?"

पैशाचं माझं आताचं पथ्य : हप्ता, भाडं, घरी पाठवायचं, सगळं सालदाराच्या ओळीत बसलं पाहिजे. वेचणीचा पैसा वेगळ्या खात्यात. त्यातून आधी सहा महिन्यांचं भाडं साठवायचं, मग बहिणीला मोबाइल. घरच्यांना पगार सांगताना फिक्स्डचाच आकडा सांगा. हे कठीण जातं, कारण गावात आकडा मोठा सांगायचा मोह बाबांपेक्षा आपल्यालाच जास्त असतो.

इन्स्टिट्यूटबद्दल एकदाच बोलते. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणून लाखभर फी घेणारे नागपुरात, अमरावतीत, आता यवतमाळातही आहेत. बारावीवर अर्ज करता येतो आणि निवडीनंतर ट्रेनिंग एअरलाइन स्वतः देते. इंग्रजी कच्चं असेल तर त्या पैशांत वर्षभर शिकवणी लावा. आणि मेंटॉर निवडताना एकच बघा : त्या बाईने कधी 'नाही' म्हटलंय का? जी अकरा वर्षांत एकदाही सिक झाली नाही म्हणून मिरवते, तिचा सल्ला घेऊ नका. तिचं नशीब तिच्याजवळ.

एक राहिलंच. गावाहून ड्यूटीवर परत येताना खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, द्राक्षासव, कुठलंही आसव-अरिष्ट घेऊ नका. त्यात अल्कोहोल असू शकतं. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते, आणि माउथवॉशसुद्धा चालत नाही असं नियमात आहे. पॉझिटिव्ह आलात तर महिनोन्महिने घरी, म्हणजे परत खालची ओळ शून्य. सर्दीच्या गोळीने झोप येते, ती घेऊनही उडायचं नाही. कंपनीच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय काही घेऊच नका. आईचा तुळस-आलं-गवती चहाचा काढा चालतो. मी विचारून घेतलंय, आईच्या आग्रहाखातर.