जुन्या बसची हवा रात्रीत उतरायची

एसटीतून निवृत्त झालेली बस घेऊन आम्ही तिचं फिरतं घर केलं. मालवणात पावसाळाभर उभी राहिली आणि दुखणं सुरू झालं. रात्री ब्रेकच्या हवेचा दाब ८ बार दाखवणारा काटा सकाळी शून्यावर. हवा नाही म्हणजे हँडब्रेकही सुटत नाही, कारण तो आतल्या स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो.

चाकांना पुढे-मागे दगड लावले, हवा भरली, इंजिन बंद केलं आणि साबणाचं पाणी घेऊन खाली शिरलो. हवेच्या टाकीच्या तळाच्या ड्रेन कॉकपाशी, म्हणजे साचलेलं पाणी काढायच्या तोटीपाशी, फेस आला. खाऱ्या हवेने तो गंजून गेला होता. कॉक उघडला तर ताकासारखं पाणी-तेल बाहेर आलं! म्हणजे हवेतली ओल काढणारा एअर ड्रायरही संपलेला. दोन्ही बदलले. तरी ब्रेक दाबला की मागे फुसफुस. तिथे ब्रेक चेंबरचा, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा, पडदा फाटलेला. मागच्या चेंबरमध्ये दाबलेली स्प्रिंग असते, उघडताना सुटली तर जीव जाईल, म्हणून ते काम मेस्त्रींकडेच दिलं.

आता रात्रभरात जेमतेम अर्धा बार उतरतो. टाकीतलं पाणी मी रोज काढतो. त्याशिवाय आंबोली घाटाकडे गाडी वळवत नाही.