फ्लेक्स निबची रेघ मधेच फाटते? जीभ निबला टेकवा

स्वस्त फ्लेक्स निबचं (दाबलं की टोक फाकून रेघ जाड करणाऱ्या निबचं) पेन दाबून लिहिताना जाड रेघेच्या मधोमध कोरी पट्टी राहते, दोन रुळांसारखी. बहुतेक लोक निबला दोष देतात. पण पुष्कळदा निब आणि तिच्या खालची, शाई पुरवणारी जीभ यांत फट राहिलेली असते. उजेडासमोर आडवं धरलं की ती दिसते.

१. निब आणि जीभ रबरी हातमोज्याच्या तुकड्यात धरून सरळ ओढा. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात धुवा. नव्या पेनातला तेलकटपणा जायलाच हवा.

२. दोन्ही परत नीट बसवा. स्टीलच्या पेल्यात उकळून थोडं निवलेलं पाणी घ्या आणि फक्त निबचा भाग अर्धा मिनिट बुडवा.

३. बाहेर काढताच कापडातून जीभ निबवर हलके दाबा आणि तशीच गार नळाखाली धरा.

फट मिटली, की उभी रेघ सावकाश ओढून बघा. 'क'चा दांडा छान भरून येतो, आणि तो बघण्यात खरंच आनंद आहे! ठाण्यात पावसाळ्यात मात्र कागद दमट होतो, शाई फुटते. वही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दोष उगाच पेनावर जाईल.

हे फक्त एबोनाइटच्या (कडक रबराच्या) जिभेला चालतं. प्लास्टिकच्या जिभेवर गरम पाण्याचा प्रयोग नको, आणि पेनाचं धड तर गरम पाण्यात अजिबात बुडू देऊ नका. काही पेनांचं रेझिन उष्णतेने वाकडं होतं.