रीजंट्स कालव्याच्या काठाने जिओकॅश शोधताना

लंडनमध्ये जिओकॅशिंगची, म्हणजे फोनच्या जीपीएसवरून कुणीतरी लपवलेली डबी शोधण्याच्या खेळाची, सुरुवात करायची असेल, तर रीजंट्स कालव्याचा टोपाथ, म्हणजे काठाची पायवाट, धरा. १८२० साली पूर्ण झालेला हा कालवा लिटल व्हेनिसपासून लाइमहाउसपर्यंत सुमारे १४ किलोमीटर जातो. घोडे दोराने मालाच्या होड्या ओढत ती वाट आज चालणाऱ्यांना मोकळी आहे. इझलिंग्टनच्या बोगद्यात मात्र टोपाथ नाही. तिथे वर रस्त्यावर यायचं आणि पलीकडे पुन्हा उतरायचं.

खरी कसोटी शेवटच्या दहा मीटरांत असते. ‘फोनवरचा बाण नेईल तिथे शोधा’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. रीजंट्स पार्कजवळ कालवा खोलगट भागातून जातो, वर दाट झाडं आणि पूल. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आदळून फोनपर्यंत येतो, आणि बाण कधी पाण्याच्या मधोमध, कधी समोरच्या काठावर जाऊन बसतो. त्याच्यामागे धावू नका, एका बाजूला पाणी आहे आणि मागून सायकली येत असतात. पुलाच्या अलीकडे, आकाश मोकळं दिसेल तिथे थांबा. डबीपर्यंतच्या अंतराचा आकडा स्थिर होऊ द्या, तो लक्षात ठेवा. पुलाच्या पलीकडे जाऊन पुन्हा तेच करा. जिकडचं अंतर कमी, तिकडून सुरुवात करायची. मग फोन खिशात टाका, अगदी टाकाच.

आता हाताने आणि डोळ्यांनी शोधायचं. लोखंड दिसलं की चुंबकाने चिकटलेली, बोटाच्या पेराएवढी डबी डोक्यात ठेवा. कठड्याची खालची बाजू, पाटीची मागची बाजू चाचपा. वीट किंवा दगड मात्र हलवायचा नाही. डबी पुरायची नाही, उकरायचं नाही, हा खेळाचाच नियम आहे. याच कालव्यावरच्या मॅकल्सफील्ड पुलाचे खांब बघा म्हणजे मी एवढं का बजावतोय ते कळेल. १८७४ मध्ये दारूगोळ्याची होडी त्याखाली फुटली आणि पूल उडाला. तेच ओतीव लोखंडाचे खांब पुन्हा उभारले ते फिरवून, म्हणून दोराने पडलेल्या खाचा त्यांच्या दोन्ही बाजूंना आहेत. असल्या लोखंडावर स्क्रूड्रायव्हर चालवणाऱ्यांना मी तोंडावर अडवतो.

डबी सापडली की लोक जाईपर्यंत थांबा, आतल्या वहीत नाव लिहा, झाकण घट्ट लावा आणि जिथे होती तिथेच, तशीच ठेवा.